गर्दी नको म्हणू नका, इंजिने दूर ठेवा

नोव्हेंबर सरत आला की दादर पश्चिमेच्या काही इमारतींमधून दरवर्षी तोच सूर ऐकू येतो. ६ डिसेंबर आला, आता गर्दी होणार, रस्ते बंद होणार, रात्रभर बसगाड्या घरघरणार, झोपेचे खोबरे होणार. प्रस्थापित वृत्तपत्रांतून पत्रे छापून येतात. पत्रलेखक स्वतःला 'सामान्य नागरिक' म्हणवतो. परभणी, वाशीम, यवतमाळहून आलेला माणूस मात्र त्या पत्रात नागरिक नसतो, तो फक्त 'गर्दी' असतो.

या भाषेचा आम्हाला संताप येतो आणि तो रास्त आहे. परंतु संताप हे उत्तर नव्हे. मागे एकदा याच भागातील एका सोसायटीचे दोन पदाधिकारी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले होते. त्यांना न्यायालयात जायचे होते. आम्ही कोण, कुठल्या चळवळीचे, हे त्यांना ठाऊक नसावे. आम्ही त्यांना विचारले, "काका, तुमची तक्रार नेमकी कशाची? माणसांची की आवाजाची?" त्यातले वयस्कर गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, माणसं रांगेत शांत उभी असतात. आमच्या खिडकीखाली बस रात्रभर चालू असते, त्याचा त्रास होतो. घरात आजारी माणूस आहे."

हे उत्तर आम्ही विसरलो नाही. द्वेषाची तक्रार आणि त्रासाची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीशी लढायचे असते, दुसरी सोडवायची असते. दोन्हींना एकच उत्तर दिले तर आपण द्वेष करणाऱ्याचेच काम सोपे करतो, कारण तो खऱ्या त्रासाच्या आड लपून बसलेला असतो.

प्रथम हक्काचे बोलू. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवसापासून ही भूमी या देशातील कोट्यवधी माणसांची झाली. तेथे शांततेने जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. देशात कुठेही मोकळेपणाने जाण्या-येण्याचा हक्कही त्याच अनुच्छेदाने दिला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला जो प्रश्न होता, तो पाण्याइतकाच सार्वजनिक जागेवरील हक्काचाही होता. ज्यांना एके काळी रस्त्यावरून चालू दिले जात नव्हते, त्यांचे नातू आज त्या रस्त्यावरून अभिवादनाला जातात. 'हा कार्यक्रम दुसरीकडे न्या' असे कुणी म्हणणार असेल तर आमचे उत्तर एकच : नाही.

आता दुसरी बाजू, आणि तीही संविधानाचीच आहे. अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात शांतपणे राहण्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालात स्पष्ट केले. रामलीला मैदान प्रकरणात, २०१२ साली, त्याच न्यायालयाने झोपेचा हक्कही या अनुच्छेदात धरला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. डेसिबलचे गणित साधे नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरवले तेव्हा आपल्यातील काहींना ते आपल्याविरुद्ध वाटले. पण कायदा आवाजाची जात विचारत नाही. त्याने ती विचारू नये यासाठी मात्र जागे राहावे लागते.

कारण वर्षाचे दिवस मोजले तर शिवाजी पार्क आणि आसपासच्या रस्त्यांवर गर्दी काय एकाच दिवशी होते? १९६६ पासून दसऱ्याचे मेळावे झाले. निवडणुकीच्या सभा होतात. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्र्यांचा शपथविधी याच मैदानावर झाला. दर अंगारकीला सिद्धिविनायकाची रांग लागते. गणेश विसर्जनाच्या रात्री दादर चौपाटीचा रस्ता कसा असतो हे दादरकरांना सांगायला नको. त्या रात्रींना 'उत्सव' म्हणायचे आणि ६ डिसेंबरला 'उपद्रव' म्हणायचे, हा दुटप्पीपणा आम्ही चालू देणार नाही. नियम लावा, कडक लावा, पण ३६५ दिवस आणि सर्वांना लावा.

मग प्रश्न उरतो बसचा. बस आपली शत्रू आहे काय? मुळीच नाही. चाळीस-पंचेचाळीस माणसे एका बसमधून येतात. तीच माणसे मोटारीने आली तर दहाबारा गाड्या लागतील आणि त्या रस्त्याची कितीतरी जास्त लांबी अडवतील. एस.टी.ने, रेल्वेच्या विशेष गाड्यांनी, वर्गणी काढून ठरवलेल्या खासगी बसने येणारा आपला माणूस शहरावर मोटारवाल्यापेक्षा कमी भार टाकतो. अडचण बस येण्याने होत नाही. ती वस्तीत उभी राहते, इंजिन चालू ठेवते, मागे घेताना हॉर्न मारते, याने होते. आणि तशी ती का उभी राहते? कारण तिला उभे राहण्याची नीट सोय कुठे आहे, हे चालकाला कुणी सांगितलेलेच नसते.

आम्ही ५ डिसेंबरच्या रात्री अनेकदा त्या रस्त्यांवर फिरलो आहोत. वाहतूक पोलिस दरवर्षी अधिसूचना काढतात, स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग वाहनांना बंद होतो, सेनापती बापट मार्गासारख्या ठिकाणी वाहनतळ दिले जातात. कागदावर सारे ठीक असते. पण बीड-हिंगोलीहून पहाटे पोचलेल्या चालकाला ती अधिसूचना कोण वाचून दाखवणार? एका ठिकाणाहून हाकलले की तो दुसऱ्या गल्लीत शिरतो. एकदा पहाटे तीनच्या सुमारास मराठवाड्यातून आलेल्या काही आयाबहिणी कडेवर पोरे घेऊन आम्हाला विचारत होत्या, "दादा, आमची गाडी हितंच होती, कुठं गेली?" गाडी पोलिसांनी हलवली होती. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. वर खिडकीत रहिवासी जागा आणि खाली रस्त्यावर आपली आई जागी. दोघांचीही झोप एकाच बेफिकिरीने घालवली होती.

ही बेफिकिरी दूर करता येते, याचा पुरावा आपल्याच चळवळीच्या भूमीवर आहे. २०१८ च्या हिंसाचारानंतर भीमा कोरेगावला १ जानेवारीसाठी प्रशासनाने वेगळे नियोजन सुरू केले. खासगी वाहने दूरच्या वाहनतळांवर थांबतात आणि तेथून पीएमपीएमएलच्या बस लोकांना जयस्तंभाकडे नेतात-आणतात. त्रुटी तेथेही असतात. पण लाखोंच्या गर्दीत वाहने माणसांपासून वेगळी ठेवता येतात, हे तेथे सिद्ध झाले आहे. पेरणे गावात जे जमते ते मुंबईत का जमू नये?

उलट उदाहरणही समोर आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर वाहनतळाची सोय म्हणून भूमिगत पार्किंग खोदायला घेतले. स्तूपाला धोका होईल ही भीती लोकांनी वारंवार बोलून दाखवली. शेवटी १ जुलै २०२४ रोजी जनता रस्त्यावर उतरली आणि सरकारला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. गाड्यांसाठी श्रद्धेची जमीन खोदायची, हे नियोजनच उलटे होते. गाडी भूमीपर्यंत आणायचीच कशाला? भूमीपर्यंत माणूस पोचला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ खाली वाहनतळ आणि थांबे ठरवण्याचा अधिकार शासनाला आहे. तो डिसेंबर उजाडल्यावर नव्हे, दोन महिने आधी वापरा. मराठवाडा-विदर्भाकडून येणाऱ्या बस मानखुर्दला, नाशिककडून येणाऱ्या मुलुंडला थांबवा. तेथे दिवे, पाणी, शौचालये, औषधोपचार आणि झोपायला मंडप द्या. तेथून दादरपर्यंत बेस्टच्या बस रात्रभर आणि मोफत चालवा. मे २०२५ पासून वांद्रे-कुर्ला संकुलातून दादरला भुयारी मेट्रोही येते, त्या दोन दिवसांपुरती तिची वेळ वाढवा. प्रत्येक बसला क्रमांकाचे कार्ड द्या आणि तेच कार्ड प्रवाशाच्या हातात ठेवा, म्हणजे कुणाची आई पहाटे गाडी शोधत फिरणार नाही. वृद्ध आणि अपंगांच्या गाड्या तेवढ्या जवळ येऊ द्या. नियोजनाच्या बैठकीत आपले प्रतिनिधी हवेतच, त्यांच्या शेजारी रहिवाशांचेही प्रतिनिधी बसवा. एकदा समोरासमोर बसले की निम्मी पत्रे लिहिली जाणार नाहीत.

परंतु शासनाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे असतात. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यास, आणीबाणी सोडून, नियमानेच मनाई आहे. ज्या मंडळाने बस ठरवली, त्याच्या कार्यकर्त्याने चालकाला सांगायचे आहे : गाडी थांबली की इंजिन बंद. मुंबईच्या डिसेंबरात रात्रभर वातानुकूलन चालू ठेवण्याची गरज नसते. आणि १४ एप्रिलचे काय? आपल्याच वस्तीत, आपल्याच आजीच्या छातीत धडकी भरेल असा डीजे आपण कुणासाठी वाजवतो? एप्रिल हा पोरांच्या परीक्षांचा महिना. एका बाजूला बाबासाहेबांच्या नावाने अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला अभ्यासाला बसलेल्या पोराच्या भिंती हादरवायच्या, हे कसे जुळते? दादरच्याच हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. वाचणाऱ्या माणसाला शांतता किती मोलाची असते, हे त्यांच्या अनुयायांना दुसऱ्याने सांगावे लागू नये.

आपली शिस्त जगाने पाहिली आहे. २०२० साली कोरोनामुळे घरी राहण्याचे आवाहन झाले, तेव्हा वर्षानुवर्षे न चुकलेली वारी लोकांनी चुकवली आणि घरातूनच अभिवादन केले. ज्या समाजाने तो दिवस घरात बसून पाळला, त्याला इंजिन बंद ठेवणे जड नाही.

आणि एक गोष्ट दादरकरांनीही लक्षात घ्यावी. बस आगारांच्या, ट्रक टर्मिनसच्या आणि महामार्गाच्या कडेच्या झोपडपट्ट्यांत हा आवाज वर्षाच्या प्रत्येक रात्री असतो. तेथील माणूस संपादकाला पत्र लिहीत नाही, त्याच्या डेसिबलची नोंद कुणी घेत नाही. झोपेचा हक्क सर्वांचा आहे असे तुम्ही मानत असाल, तर त्याच्यासाठीही लिहा. आम्ही तुमच्यासोबत सही करू.

ते वयस्कर गृहस्थ अखेर न्यायालयात गेले नाहीत. वाहनतळ दूर नेण्याच्या मागणीचा अर्ज आम्ही त्यांना लिहून दिला आणि त्यावर पहिली सही त्यांनी केली, दुसरी आम्ही. असा अर्ज यंदा प्रत्येक तालुक्याच्या शाखेने आणि दादरच्या प्रत्येक सोसायटीने द्यावा. गर्दी येणारच, ती येत राहिली पाहिजे. तिच्यासोबत येणारा गोंगाट तेवढा वेशीवर थांबला पाहिजे.

जय भीम.