खोट्या हत्तीचें खरें दुःख

गेल्या दिवाळींत शीव येथील आमच्या घरीं अमेरिकेहून बहिणीचें कुटुंब उतरलें होतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर प्रवासाच्या गोष्टी निघाल्या, आणि भाच्यानें आपल्या सहा वर्षांच्या मुलीस सहज विचारलें, “त्या सफारींत हत्तीचें पिल्लूं सांपडलें कीं नाहीं?” मुलगी गोंधळली. तिनें सिंह पाहिला होता, जिराफ पाहिला होता. पण हरवलेल्या पिल्लाचें प्रकरण तिच्या गांवींहि नव्हतें. बाप म्हणे, होतें. मुलगी म्हणे, नव्हतें. दोघेंहि खरें बोलत होतीं. दोघांच्या फेऱ्यांमधल्या वर्षांत एक चोरटा शिकारी गाळला गेला होता, आणि त्याच्याबरोबर आणखीहि कांहीं गाळलें गेलें असें आमचें म्हणणें आहे.

ही सफारी म्हणजे फ्लॉरिडांतील डिस्ने कंपनीच्या ‘ॲनिमल किंगडम’ उद्यानांतील ‘किलिमांजारो सफारी’. ती २२ एप्रिल १९९८ रोजीं सुरू झाली. आम्हीं ती दोनदां केली आहे: २००१ सालीं ह्याच भाच्याला शेजारीं बसवून, आणि पुनः २०१६ सालीं. उघड्या बाजूंची मोठी मोटार, तींत बाकें, आणि वीसेक मिनिटें ‘आफ्रिके’ची सैर. जनावरें खरीं, बाकी पुष्कळसें कारागिरांचें. वाटेवरच्या चिखलांतील चाकोऱ्या सिमेंटच्या, वारुळें कृत्रिम, भल्यामोठ्या गोरखचिंचाहि माणसांनीं घडविलेल्या. सिंह आणि हरणें यांमधले खंदक असे दडविलेले कीं, तीं एकाच माळावर सुखानें नांदत आहेत असें वाटावें.

मूळ रचनेंत ह्या माळावर एक गोष्ट बसविलेली होती. चालकाजवळच्या रेडिओवरून वनरक्षकाचा आवाज येई: ‘बिग रेड’ नांवाची हत्तीण आणि तिचें पिल्लूं ‘लिट्ल रेड’ यांच्या मागावर हस्तिदंताचे चोर आहेत, तुमची मोटार जवळ आहे, मदतीला धांवा. मग मोटार वेग घेई, वाटेंतला पूल खचल्याचा भास होई, उष्णोदकाचे फवारे उडत, चोरांचा तळ लागे; आणि शेवटीं चोर पकडलेले, व यंत्रानें हलणारें पिल्लूं एका मालमोटारींत सुखरूप! २००१ सालीं आमच्या आठ वर्षांच्या भाच्यानें त्या क्षणीं आमचा हात घट्ट धरला होता. पिल्लूं यंत्राचें आहे हें त्याला कळत नव्हतें असें नाहीं. उतरतांना त्यानेंच तें आम्हांस समजावून सांगितलें, आणि लगेच विचारलें, “पण मामा, खरे चोर आहेत ना?”

२०१२ सालीं तो शेवटचा भाग बंद करून त्या जागीं झेब्रे आणण्यांत आले. पाठलाग गेला, तळ गेला, यंत्राचें पिल्लूं गेलें. २०१६ त आम्हीं पाहिली ती सफर सुंदर होती, शांत होती, आणि तींत कोठेंहि कोणा चोराचा मागमूस नव्हता.

हा बदल म्हणजे सुधारणा होय, असें प्रतिपादणारे पुष्कळ आहेत. त्यांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, खऱ्या जनावरांपुढें यंत्राचा हत्ती कशाला? पाठलागाच्या धांवपळींत जिवंत प्राणी पाहावयाचे राहून जातात. ह्यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. त्या नाट्यांत ठाशीवपणा होता. वीस मिनिटांत दरवेळीं न चुकतां पिल्लूं वांचावें हेंहि थोडें स्वस्तच. किंबहुना पडतें घेण्यास आरंभ उद्घाटनापूर्वींच झाला होता. प्रथम मारल्या गेलेल्या हत्तिणीचें कलेवर दाखविण्याची योजना होती. परंतु चाचणीच्या फेऱ्यांत प्रेक्षकांस तें सोसवेना, म्हणून तें आधींच हटविलें गेलें.

दुसरा आक्षेप मुलांचा. त्यांना करमणुकीच्या ठिकाणीं दुःख कां दाखवावें? ज्यांनीं आपलीं मुलें श्रावणबाळाच्या आणि हरिश्चंद्राच्या कथांवर वाढविलीं, त्यांच्या तोंडीं हा प्रश्न शोभत नाहीं. मुलाला दुःखाचें भय नसतें. दुःख एकट्यानें ऐकण्याचें भय असतें. मामाचा हात हातीं असला म्हणजे तें पुष्कळ सोसतें.

तिसरा आक्षेप सर्वांत बलवान् दिसतो आणि सर्वांत पोकळ आहे: जें खोटें तें काढलें, त्यांत बिघडलें काय? आम्ही विचारतों, खोटें काढलें कोठें? सिमेंटच्या चाकोऱ्या आहेत, घडविलेल्या गोरखचिंचा आहेत, लपविलेले खंदक आहेत. एवढ्या खोट्यांतून नेमकें तेंच खोटें काढलें, जें खरें बोलत होतें.

सोंग दोन प्रकारचें असतें. एक सोंग ‘मी सोंग आहें’ हें लपवीत नाहीं. दशावतारांतील राक्षस रंग फासून समोर येतो, आणि त्या रंगाआडून अधर्म म्हणजे काय तें मुलांना उमगतें. आमच्या शीवेजवळच्या दादरांत ज्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला, त्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहना’ंत राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका साळुंके ह्या एकाच नटानें केल्या होत्या. म्हणून कोणाची भक्ति उणी झाली नाहीं. दुसरें सोंग आपलें सोंगपण झांकतें आणि ‘हेंच जग आहे’ असें भासवितें. पहिलें फसवीत नाहीं, कारण तें गोष्ट सांगतें. दुसरें एकहि शब्द न बोलतां फसवितें.

आणि जग कसें होतें? आफ्रिकेंतील हत्ती १९७९ च्या सुमारास तेरा लक्षांच्या घरांत होते. दहा वर्षांत ते सुमारें सहा लक्षांवर आले. १९८९ सालीं हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. तरी २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या गणतींत असें दिसलें कीं, २००७ ते २०१४ ह्या सात वर्षांत पंधरा देशांतील माळरानी हत्ती सुमारें ३० टक्क्यांनीं घटले, आणि त्याचें प्रमुख कारण चोरटी शिकार. म्हणजे प्रत्यक्ष माळावर चोरांचें राज्य पुनः माजलें होतें, नेमक्या त्याच काळांत करमणुकीच्या माळावरून चोर नाहींसा झाला! हें कोणी मुद्दाम केलें असें आम्ही म्हणत नाहीं. मुद्दाम केलें नसावें, हेंच अधिक चिंतेचें आहे. जें बोचतें तें सोयीनें गळून पडतें, आणि गळल्याचें कोणास कळतहि नाहीं.

परक्या देशाच्या उद्यानावर एवढी शाई खर्च करण्याचें कारण काय, असें वाचक विचारतील. कारण हीच रीत आपल्याकडे पाय रोवीत आहे. राणीच्या बागेंत आमच्या लहानपणीं गजांचे पिंजरे होते. ते क्रूर होते, आणि गेले तें उत्तमच झालें. परंतु गज कांहीं लपवीत नसत. त्यांच्याकडे पाहणाऱ्या मुलाला हा वाघ कैदी आहे हें सांगावें लागत नसे. आतां कांचा आल्या, कृत्रिम खडक आले, आणि २०१७ पासून गार केलेल्या दालनांत पेंग्विन आले. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचे. पण त्यांच्यापुढें उभे राहून आईबाप मुलांना दक्षिण ध्रुवाच्या बर्फाच्या गोष्टी सांगतांना आम्हीं स्वतः ऐकले आहेत. गंमत अशी कीं, फ्लॉरिडांत जी घडवावी लागली ती गोरखचिंच त्याच राणीच्या बागेंत जिवंत उभी आहे, आणि तिच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत जाळीच्या मोटारींतून सिंह दाखवितात. २०२२ सालीं तेथें गुजराथेंतील सक्करबागेंतून सिंहाची जोडी आणली गेली. बदल्यांत वाघांची जोडी तिकडे गेली. कुंपणाच्या आंत पाहुणा सिंह, आणि कुंपणाबाहेरच्या त्याच रानांत रात्रीं मोकळा हिंडणारा, इमारतींच्या उंबरठ्यापर्यंत येणारा आपला बिबट्या! ह्याहून मोठें नाटक कोणता कारागीर रचील? आमची मागणी एवढीच कीं, त्या मोटारींत तें नाटक मुलांना सांगितलें जावें: हा सिंह कोठून आला, कां आला, रानांत मोकळा कां सोडतां येत नाहीं, आणि बिबट्याचें रान कोणीं आक्रसलें. नुसता ‘तो पाहा सिंह’ पुरे नाहीं.

माणसानें रान करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या शीवेच्या शेजारीं, मिठी नदीच्या कांठीं, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तेथें पूर्वीं मुंबईचा कचरा पडत असे. त्याच ढिगावर झाडें लावून १९९४ सालीं तें लोकांस खुलें झालें. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या मुलीला घेऊन तेथें गेलों आणि सांगितलें, “हें रान माणसांनीं केलें आहे. खालीं कचरा आहे.” तिनें पायांखालीं पाहिलें, मग वर झाडाकडे पाहिलें. घरीं येतांना, तिच्या बापाची राहिलेली गोष्ट तिनें आमच्याकडून पुरी ऐकून घेतली. आणि पिल्लूं सांपडल्यावर तिनेंहि तोच प्रश्न विचारला, जो तिच्या बापानें आठव्या वर्षीं विचारला होता.