समुद्राच्या तंट्याला न्यायाधीश हवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या तळाशील-तोंडवलीची वस्ती गड नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. इथली रापण किनाऱ्यावरून ओढतात. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोके माणसांनी खेचायची आणि मासळीचे वाटे पाडायचे. बांगडा किनाऱ्याला लागण्याआधीच यांत्रिक नौकेवरून अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळेवाल्याने उचलला, तर रापणकर त्याच्या मागे खोल समुद्रात जाऊ शकत नाही. ही विषमता कायद्याला ठाऊक आहे. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात पारंपरिक मच्छीमारांचे हित जपण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र २०२१ च्या दुरुस्तीने हा कायदा मोडणाऱ्या नौकांच्या निवाड्याचे काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे गेले. परवाना देणारे, गस्त घालणारे आणि निवाडा करणारे खाते एकच झाले. सुनावणी खाते आणि नौकामालक यांच्यात होते, दंड सरकारजमा होतो. ज्याचा हंगाम बुडाला त्या रापणकराला तिथे पक्षकार म्हणून जागाच नाही. म्हणून हा निवाडा न्यायाधीशाकडे जायला हवा.

पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पीठ आहे, तिकडे जावे, असे कोणी म्हणेल. पण त्या न्यायाधिकरणाचा अधिकार पर्यावरणाच्या ठरावीक सात केंद्रीय कायद्यांपुरता आहे. किनाऱ्यावरच्या बेकायदा बांधकामाची तक्रार तिथे चालते, राज्याच्या मासेमारी कायद्याखालची पर्ससीनची तक्रार चालत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खात्याचा अधिकारी विषय जाणतो, लवकर निकाल देतो. कोर्टात गेले की तारखांवर तारखा. ही भीती खरी आहे आणि त्यावर तोडगाही आपल्याच कायद्यांत सापडतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने विशेष न्यायालयांना आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवायला सांगितले, पीडितांना सुनावणीत म्हणणे मांडण्याचा हक्क दिला, साक्षीदारांच्या प्रवासखर्चाची जबाबदारी सरकारवर टाकली. अंमलबजावणी अनेक ठिकाणी रखडते, हे मान्य. तरीही दुबळ्या पक्षाला कोर्टाच्या दारापर्यंत पोचवण्याची काळजी कायद्यातच घ्यावी लागते, एवढे त्या दुरुस्तीने ओळखले.

समुद्राच्या तंट्यांसाठी नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा न्यायालयातला एक न्यायाधीश त्यासाठी नेमावा, रापण संघांना पक्षकार मानावे आणि बसलेल्या नुकसानीची भरपाई देण्याचा अधिकार त्या न्यायाधीशाला द्यावा. पर्ससीनला परवानगी असलेल्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत त्याने मालवणातच बसावे. अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्ग जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आला आहे.