हात धुणें

इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः मराठींत उतरविण्याचा मोह विद्यार्थ्यांस फार होतो. त्यापासून कसा अनर्थ घडतो, हें ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ’ या एकाच वाक्प्रचारावरून दाखवितां येईल. ‘ही वॉश्ट हिज हँड्स ऑफ द मॅटर’ याचें भाषांतर ‘त्यानें त्या प्रकरणांत हात धुऊन घेतले’ असें केल्यास वाचक भलतेंच समजेल. आपल्याकडे वाहत्या गंगेंत हात धुणें म्हणजे आयती संधि साधणें, आणि हात धुऊन पाठीस लागणें म्हणजे पिच्छा न सोडणें. इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ अगदीं उलट, ‘अंग काढून घेणें’ असा आहे. ‘कानांवर हात ठेवणें’ हेंही येथें चालणार नाहीं. कारण त्यांत आपणांस कांहीं ठाऊकच नाहीं असा आव असतो. हात धुणाऱ्यास सर्व ठाऊक असतें.

याचें मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २७ व्या अध्यायांत आहे. हात धुण्याची चाल त्याहून जुनी. अनुवादाच्या २१ व्या अध्यायाप्रमाणें, रानांत कोणी वधलेला आढळला व मारेकरी कळला नाहीं, तर जवळच्या नगराच्या वडिलांनीं हात धुऊन आपलें निर्दोषत्व प्रकट करावें, असा विधि होता. ज्यांचे हात मुळांतच निर्मळ, त्यांची ती साक्ष होती. पंतय पिलाताचें तसें नव्हतें. येशू निर्दोष आहे हें तो जाणत होता, आणि त्यास सोडून देण्याचा अधिकारही त्याच्याच हातीं होता. तरी लोकांचा गलबला पाहून त्यानें सर्वांसमक्ष हात धुतले, आणि मग प्रभूला वधस्तंभासाठीं स्वाधीन केलें.

या वाक्प्रचाराच्या आज दोन छटा आहेत. जबाबदारी असून ती टाळणें, ही पहिली; यांत निंदा आहे. पुष्कळ खटपट करून थकल्यावर एखाद्याशीं संबंध सोडणें, ही दुसरी. यांत निराशा आहे. कोणती छटा घ्यावयाची तें संदर्भावरून ठरवावें. दोन्हींत ‘ऑफ’ हेंच अव्यय येतें. ‘फ्रॉम’ लिहिणें अशुद्ध होय.

परंतु माझ्या मतें या दोन छटांमधील अंतर आपण समजतों तितकें मोठें नाहीं. मुलगा अभ्यासांत मागें पडला कीं पालक म्हणतात, ‘आम्हीं याची आशा सोडली; आतां शाळा पाहून घेईल.’ शिक्षक म्हणतात, ‘घरचें वळणच तसें, आम्ही काय करणार?’ दोघांसही वाटतें कीं आपली छटा दुसरी. वस्तुतः दोघेही एकाच तस्तांत हात धूत असतात, आणि मुलगा मध्यें उभा राहून तें पाहत असतो. खरोखर सर्व उपाय थकले असें फार थोडे म्हणूं शकतील.

पिलाताच्या हातांवरील पाणी तेव्हांच वाळून गेलें. परंतु ख्रिस्ती मंडळी आपल्या विश्वासाचा अंगीकार करितांना प्रभूच्या दुःखसहनाबरोबर त्याचें नांव आजही घेते. विद्यार्थ्यांनीं हा वाक्प्रचार लिहितांना ‘ऑफ’ विसरूं नये. आणि आम्हां वडील माणसांनीं तो आचरणांत आणण्यापूर्वीं पिलातास विसरूं नये.