लस घेऊनही भरती झाला!

“सुई घेतली तरी भरती झालाच ना?” गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात कोरोनाच्या लसीचा विषय निघाला की हा प्रश्न आजही कुणीतरी फेकतोच. सुई घेतली की माणूस मरतो, मूलबाळ होत नाही, अशा अफवाही त्या काळात टोल्याटोल्यांत फिरल्या. त्यांचा समाचार घेणं सोपं आहे. हा प्रश्न मात्र डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभा आहे. लस घेतलेला माणूस खरोखरच वॉर्डात होता, काही वेळा तो वाचलाही नाही. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेणारे डॉक्टर आणि ‘अडाणी लोक’ म्हणून हात झटकणारे शहरी शहाणे, दोघांचंही चुकलं असं मी म्हणेन. प्रश्न रास्त आहे, त्यातून काढलेलं ‘मग लस कशाला?’ हे अनुमान खोटं आहे. खंडन करायचं ते अनुमानाचं.

हाच प्रश्न शिकल्यासवरल्या देशांतही विचारला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये इस्रायलच्या रुग्णालयांतल्या गंभीर कोरोना रुग्णांपैकी सुमारे साठ टक्के लोकांचे दोन्ही डोस झालेले होते. बातमी जगभर गेली आणि लसविरोधकांना आयतं कोलीत मिळालं. आता एक काल्पनिक गाव घेऊन हिशेब करू. गावात हजार प्रौढ आहेत. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. न घेतलेल्या शंभरांपैकी दहा जण गंभीर होऊन दवाखान्यात गेले, घेतलेल्या नऊशेंपैकी अठरा. वॉर्डात खाटा मोजणाऱ्याला अठ्ठावीसपैकी अठरा लसवाले दिसतील आणि तो म्हणेल, दोन तृतीयांश तर लसवालेच! पण शंभरात दहा आणि शंभरात दोन, हा पाचपटीचा फरक खाटा मोजून दिसत नाही, त्यासाठी घरी राहिलेले लोकही मोजावे लागतात. गावातल्या सगळ्यांनीच लस घेतली तर वॉर्डातला प्रत्येक रुग्ण लसवालाच असेल. इस्रायलमध्ये प्रौढांचं लसीकरण फार मोठ्या प्रमाणात झालेलं होतं, वृद्धांमध्ये तर जवळजवळ सगळ्यांचंच, आणि गंभीर होणारेही बहुतेक वृद्धच. वयाप्रमाणे गट पाडून हिशेब केल्यावर प्रत्येक गटात लसवाल्यांचा धोका कितीतरी कमी निघाला.

इथे चतुर आक्षेपक पवित्रा बदलतो. बरं, कमी लोक भरती झाले असतील, पण एकदा भरती झाल्यावर काय? तिथे लसवाला आणि बिनलसवाला सारखेच ना? नाही. अमेरिकेतल्या एकवीस रुग्णालयांमधला २०२१ चा अभ्यास नेमका याच मुद्द्यावर आहे. कोरोनानेच भरती झालेल्या ११९७ रुग्णांपैकी लस न घेतलेल्या १०५५ जणांत जवळपास पंचवीस टक्के व्हेंटिलेटरवर गेले किंवा दगावले. लस घेतलेल्या १४२ जणांत हे प्रमाण बारा टक्के होतं, म्हणजे निम्म्याहून कमी. ज्यांच्यावर लस ‘फेल’ गेली असं आपण म्हणतो, त्यांच्याही अंगात ती काम करत होतीच.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या अभ्यासाचाही दाखला या वादात हमखास दिला जातो. लसीनंतर बाधित झालेले ६७७ लोक, बहुतेकांना डेल्टा, त्यांपैकी ९.८ टक्के भरती आणि ०.४ टक्के मृत्यू. आकडे दिलासा देणारे आहेत, पण माझ्या बाजूने मी ते वापरत नाही. त्यात तुलनेला लस न घेतलेला गट नाही. आपल्या सोयीचा आहे म्हणून कच्चा पुरावा पुढे करायचा, तर मग समोरच्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

खरा तगडा आक्षेप तर आपल्याच जंगलपट्ट्यातून येतो आणि तो लसविरोधकांना सुचत नाही, याचं मला नवल वाटतं. तो असा: जो लस घेत नाही, तोच दवाखान्यात उशिरा येतो. दुसरी लाट एप्रिल-मे २०२१ मध्ये आली, म्हणजे मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत. ताप आला तर इथे पहिला संशय हिवतापाचा. आधी पुजारी, मग गावातला डॉक्टर, मग आशाताई, आणि ऑक्सिजन पार खाली गेल्यावर ग्रामीण रुग्णालय. असा माणूस दगावला तर तो लस नव्हती म्हणून की वेळ गेली म्हणून? लस घेणारा एरवीही काळजी घेणारा, रस्त्यालगत राहणारा, फोन असलेला. मग श्रेय लसीचं की रस्त्याचं?

याचं उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मिळतं. तिथल्या साडेदहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा हिशेब फेब्रुवारी ते मे २०२१ या काळात ठेवला गेला. त्यांपैकी ८९९१ जणांनी लस घेतली होती, बहुतेकांनी आपली पुण्याची कोविशिल्ड. हे सगळे एकाच रुग्णालयात काम करणारे, आजारी पडल्यावर तीच खाट, तेच डॉक्टर. उशिराचा आणि रस्त्याचा प्रश्नच मिटला. तरीही दोन डोस घेतलेल्यांत संसर्गापासून ६५ टक्के, भरतीपासून ७७, ऑक्सिजनची गरज पडण्यापासून ९२ आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के संरक्षण दिसलं. टक्केवारी कोणत्या दिशेने चढते तेही पाहा. आजार जितका गंभीर, तितकं संरक्षण जास्त.

असं का होतं? वनखातं हिवाळ्यात जंगलात जाळरेषा काढतं. तिने वणवा लागायचा थांबत नाही, मोह वेचणाऱ्याने पाला पेटवला की आग लागतेच. पण आग एका कक्षात अडते. लसीचंही तसंच. दंडात टोचलेल्या लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काही महिन्यांत उतरतात, नाकातल्या विषाणूला तर ती फारशी अडवतही नाहीत. म्हणून लस घेऊनही सर्दी-ताप येतो, चाचणी पॉझिटिव्ह येते. पण विषाणू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात. कोरोनात फुप्फुसांची दाणादाण साधारण दुसऱ्या आठवड्यात होते आणि तोवर त्या कामाला लागलेल्या असतात. ‘लस घेतली की कोरोना होणार नाही’ असं ज्यांनी भाषणांतून आणि भिंतींवरच्या जाहिरातींतून सांगितलं, त्यांनी लसीचं नुकसानच केलं. पहिला लसवाला पॉझिटिव्ह निघाला त्या दिवशी ते वचन मोडलं, आणि गावाने लसीलाच खोटं ठरवलं.

‘ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकारच सौम्य होता, त्यात लसीचं श्रेय काय?’ हा मुद्दा मात्र मी अर्धा मान्य करतो. जानेवारी २०२२ च्या लाटेत आपल्याकडे वॉर्ड भरले नाहीत याचं सगळं श्रेय लसीला देता येणार नाही. जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी रक्तचाचणी सर्वेक्षणातच दोन तृतीयांश लोकांत प्रतिद्रव्यं सापडली होती, म्हणजे डेल्टाने आपली किंमत आधीच वसूल केली होती. पण ‘ओमायक्रॉन मुळातच सौम्य होता’ एवढ्यावर थांबणाऱ्यांनी हाँगकाँगकडे पाहावं. तिथे आधी साथ फारशी पसरलेली नव्हती आणि ऐंशीच्या पुढच्या बहुसंख्य वृद्धांनी लस टाळली होती. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये त्याच ‘सौम्य’ ओमायक्रॉनने तिथे हजारो वृद्ध मारले. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्येही ओमायक्रॉनच होता, पण तिथल्या वृद्धांनी लस घेतलेली होती, आणि मृत्यूंचं प्रमाण कितीतरी कमी राहिलं.

आता मंडन. मुंबई-पुण्याच्या माणसाला गंभीर आजार म्हणजे जनरल वॉर्डातून वरच्या मजल्यावर जाणं. भामरागडच्या माणसाला गंभीर आजार म्हणजे गडचिरोलीपर्यंत सुमारे १८० किलोमीटर, आणि तिथून ‘रेफर’ झाला तर नागपूरपर्यंत जवळपास तेवढंच अंतर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. चंद्रपूर शहराचीही एप्रिल २०२१ मध्ये काय गत झाली ते विसरायला नको. खाट मिळेना म्हणून रुग्णाला गाडीत घालून लोक रातोरात तेलंगणात गेले आणि तिथेही जागा नाही म्हणून परत आले. अशा मुलखात व्हेंटिलेटर वाढवा, अतिदक्षता विभाग बांधा, या मागण्या योग्यच आहेत. पण तज्ज्ञ डॉक्टर आणि परिचारिका मिळेपर्यंत त्या यंत्रावर धूळ बसते. लसीचं इथलं काम वेगळं आहे. उपकेंद्रावरच्या गोळ्यांनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका सिलिंडरने आवरेल, एवढ्यावर आजार रोखून धरणं हे ते काम. शहरात लस ही रुग्णालयाला पूरक आहे. इथे रुग्णालयातलं बरंचसं काम तिलाच करावं लागतं. त्यात सिकलसेलचं ओझं याच जिल्ह्यांवर, आणि सिकलसेलच्या रुग्णाला कोरोना जड जाण्याचा धोका जास्त.

म्हणूनच लस पोचवण्याच्या पद्धतीवर माझा राग आहे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला आधी मोबाइलवर नोंदणी करायला लावली, रेंज नसलेल्या टोल्यांनाही तोच नियम. स्लॉट पकडून शहरातले लोक खेड्यातल्या केंद्रांवर पोचले. पुढे नोव्हेंबरात चंद्रपूर महापालिकेने लस घेणाऱ्यांसाठी सोडत काढली, बक्षिसं फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही. शहरापुरतं ते ठीक म्हणू. त्याच महिन्यात औरंगाबादेत लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा फतवा निघाला. जंगलातल्या माणसाने सरकारची सक्ती पुष्कळ पाहिली आहे. धमकी देऊन त्याला सुई टोचली, तर पुढच्या वेळी तो बाळाची गोवराची लसही नाकारतो. माडिया बोलणारी, गावातलीच आशाताई अंगणात बसून तासभर बोलली तर जे होतं, ते फतव्याने होत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप. एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली की अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं आहे, तिच्या लसीने फार क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ विकार होऊ शकतो. कोविशिल्ड हीच लस, त्यामुळे मोबाइलवर भीतीचा पूर आला. विकार खरा आहे आणि तो २०२१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला होता. तो होतो तो साधारणतः डोसनंतरच्या काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नव्हे. तरण्याताठ्या मुलांच्या अचानक मृत्यूंचं खापरही लसीवर फुटलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांतल्या, १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी असताना अचानक दगावलेल्या ७२९ जणांची तुलना २९१६ जिवंत लोकांशी केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन डोस घेतलेल्यांत असा मृत्यू कमी आढळला. धोका वाढलेला दिसला तो घराण्यात असे मृत्यू असलेल्यांत, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत किंवा अंगमेहनतीचा अतिरेक केलेल्यांत, आणि कोरोनाने दवाखान्यात भरती होऊन आलेल्यांत.