गाडीतले स्पीकर बदलणं बेकायदा आहे का? लोणावळा-मावळातल्या मनाई आदेशाचा नेमका अर्थ काय?

पावसाळा सुरू झाला की पुणे जिल्हा प्रशासन मावळ आणि मुळशीतल्या पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढतं. खोल पाण्यात उतरू नये, धोकादायक ठिकाणी सेल्फी काढू नये, उघड्यावर दारू पिऊ नये, अशी ती लांबलचक यादी असते. या यादीत गाडीवाल्यांसाठीही एक कलम असतं. गाडीतले स्पीकर किंवा ऊफर मोठ्याने वाजवून ध्वनिप्रदूषण करायला मनाई.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर हे आदेश कडक झाले आणि संध्याकाळी ६ नंतर पर्यटकांना बाहेर काढायला सुरुवात झाली.

पण जुनी स्कॉर्पिओ, एस्टीम किंवा झेन हौसेने सांभाळणाऱ्यांना यातून एक प्रश्न पडतो. गाडीत चांगले स्पीकर बसवले म्हणून पोलीस दंड करू शकतात का? थोडक्यात उत्तर असं, की स्पीकर बसवणं हा गुन्हा नाही. आवाज गाडीबाहेर किती जातो यावर सगळं ठरतं.

मोटार वाहन कायदा काय सांगतो?

गाडीतल्या बदलांविषयी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मात्र 'बदल' कशाला म्हणायचं, हेही त्याच कलमात सांगितलं आहे. गाडीच्या रचनेत फरक पडून तिचं मूळ वैशिष्ट्य बदललं, तर तो बदल. दारातला जुना स्पीकर काढून त्याच जागी नवा बसवला, तर गाडीची रचना बदलत नाही. पण ऊफरच्या पेटीसाठी मागचं सीट कायमचं काढलं, तर आसनसंख्या बदलते आणि ती प्रमाणपत्रात नोंदलेली असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. जुन्या गाडीतला असा बदल त्या तपासणीत अडचणीचा ठरतो.

मग कारवाई कशाच्या आधारे होते?

पहिला आधार ध्वनिप्रदूषण नियम, २००० हा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर कोणत्याही स्रोताचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५.

दुसरा आधार म्हणजे मनाई आदेश. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली तो निघतो आणि एरवी दोन महिन्यांपर्यंतच लागू राहतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मानवी जीवाला धोका निर्माण झाला तर शिक्षा वाढते.

गाडीचा आवाज किती लांब जातो?

गाडीच्या साध्या स्पीकरला १ वॉट वीज दिली, तर १ मीटरवर साधारण ९० डेसिबल आवाज मिळतो. १० वॉटला तो १०० होतो. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या '३०० वॉट' किंवा '५०० वॉट'ला फारसा अर्थ नसतो. तो आकडा बहुतेक वेळा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. खरा आकडा 'आरएमएस'चा.

आता डिकी उघडून गाणी लावलेली गाडी घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. या हिशेबाने १ मीटरवरचे १०० डेसिबल १० मीटरवर ८० होतात. निवासी भागाची दिवसाची ६५ ची पातळी गाठायला ५५-६० मीटर लागतात आणि रात्रीची ५५ ची पातळी गाठायला जवळपास १८० मीटर. पवना धरणाच्या काठावर रात्री अशी एक गाडी उभी राहिली, तर गावातल्या शेवटच्या घरापर्यंत गाणं का पोहोचतं, हे यावरून कळतं. वाटेत झाडं किंवा भिंती असतील तर आवाज कमी होतो. समोर कडा असेल तर तो परतूनही येतो.

मीटरमध्ये नियमात, तरी खिडक्या का थरथरतात?

नियमातली मोजणी 'डीबी-ए' या एककात होते. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून या मोजणीत ते कमी धरले जातात. ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तर सुमारे ३० डेसिबलने कमी नोंदला जातो.

ऊफरचा दणका याच पट्ट्यातला. गाडीची काच बंद केली की गायकाचा आवाज आणि झांजा अडतात, पण बेस पातळ पत्र्यातून आरपार जातो. म्हणून शेजारच्या घराची तावदानं वाजत असताना मीटर मात्र मर्यादेत असू शकतो. ज्याचा त्रास सर्वाधिक, तेच मीटर कमी मोजतं.

मनाई आदेशात डेसिबलची अट नसते. पोलिसांना मीटर नसतानाही कारवाई करता येते, हा त्याचा फायदा. 'मोठा आवाज' म्हणजे किती, हे मग समोरच्या पोलिसावर अवलंबून राहतं, हा तोटा.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने यावर अंतराचा उपाय काढला होता. गाडीतलं गाणं २५ फुटांवर स्पष्ट ऐकू आलं तर दंड. व्यावसायिक आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना सूट दिल्यामुळे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा कायदा रद्द केला. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून अंतराचा निकष पुन्हा आणला गेला. मीटर लागत नाही आणि गाडीवाल्यालाही मर्यादा आधीच कळते, हे या पद्धतीचं वैशिष्ट्य.

जुन्या गाडीत आधी काय बदलावं?

जुन्या गाडीतले कागदी कोनचे स्पीकर दमट हवेने सैल पडतात आणि आवाज फाटतो. अशा वेळी बरेच जण थेट मोठा ऊफर घेतात. खरं तर क्रम उलटा हवा.

- आधी दारं. आतून डॅम्पिंग शीट लावली की पत्र्याची खरखर थांबते आणि त्याच स्पीकरचा बेस सुधारतो. बाहेर जाणारा आवाजही थोडा घटतो.
- मग पुढचे स्पीकर. ट्वीटर वेगळा असलेला कंपोनंट सेट पुढच्या दारांत बसवला, तर कमी आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतात.
- ॲम्प्लिफायर शेवटी. ३०० वॉट आरएमएसचा जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर करंट ओढू शकतो. छोट्या जुन्या गाडीच्या अल्टरनेटरची सगळी क्षमताच जवळपास तेवढी असते. पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू असताना तो पुरा पडत नाही आणि बॅटरी उतरते.
- वायरिंगमध्ये काटकसर नको. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. इंजिनकडून केबिनमध्ये येताना ती रबरी ग्रोमेटमधून यायला हवी. पत्र्याच्या कडेने वायर सोलली गेली आणि फ्यूज नसला, तर आग लागू शकते.

बाहेरून बसवलेली यंत्रणा विमा कंपनीला कळवावी. अशा विद्युत उपकरणांसाठी 'आयएमटी २४' नावाचं जादा संरक्षण असतं. ते घेतलेलं नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

हा प्रश्न फक्त शांततेचा आहे का?

नाही. १०० डेसिबलच्या आवाजात दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहू नये, असं कामगारांच्या आरोग्यासाठीचे काही निकष सांगतात. लोणावळ्याहून भुशी धरण आणि लायन्स पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. अशा रांगेत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन चालकाला ऐकू आला पाहिजे. पाण्याजवळ तर पोलिसांची किंवा बचाव पथकाची शिट्टी हाच कित्येकदा शेवटचा इशारा असतो.

तक्रार कुठे करायची?

११२ वर फोन करता येतो. लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ हा भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतो. तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असे निर्देश पोलिसांना दिले आहेत. गावातल्या माणसाला पर्यटकाशी किंवा शेजाऱ्याशी थेट वाद घालायची गरज नाही.

गाडीवाल्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. नेहमीच्या आवाजात गाणं लावा, काचा आणि डिकी बंद करा आणि गाडीपासून दहा पावलं लांब उभे राहा. गाण्याचे शब्द कळत असतील किंवा बेस छातीत जाणवत असेल, तर तो आवाज तुमच्या गाडीपुरता राहिलेला नाही.