सॅक कुणाच्या पाठीवर?

भाची पुढच्या महिन्यात नेपाळला निघाली आहे, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालत. काठमांडू सोडल्यापासून 14 दिवस. तिने 75 लिटरची सॅक आणली, भरली आणि म्हणाली, "खाला, सगळं मावलं बघा!" मावले होते खरे. मग ती वजनकाट्यावर आधी नुसती आणि नंतर सॅक घेऊन उभी राहिली. फरक 19 किलोंचा. तिचे स्वतःचे वजन 50.

"पोर्टर आहे ना," ती म्हणाली. "मैत्रीण आणि मी मिळून एक."

त्या वाटेवर दोघांच्या बॅगा एकत्र बांधून एका पोर्टरने नेण्याची रीत आहे. म्हणजे 19 अधिक 19. तो सॅकचे पट्टे खांद्यात अडकवत नाही, कपाळावरून घेतलेल्या 'नाम्लो' नावाच्या रुंद पट्ट्यावर सारा भार पेलतो. आपण पाठीच्या गादीसाठी मोजलेले पैसे त्याच्या काहीच कामाचे नाहीत. पोर्टरकडे द्यायची तर साधी, मऊ डफल बॅग बरी. प्रेषित (स.) यांनी सेवकांवर ताकदीबाहेरचे ओझे टाकू नका, टाकलेच तर स्वतः हात लावा, असे सांगितले आहे. हे आपण मुलांना शिकवतो आणि सुट्टीवर निघालो की विसरतो. अनेक पोर्टर खालच्या खोऱ्यांतले असतात. बेस कॅम्पच्या 5,364 मीटर उंचीवर त्यांनाही थंडी वाजते, दम लागतो. त्यांचे गरम कपडे, बूट आणि विमा कोण देणार, हे पैसे भरण्याआधीच विचारावे.

स्वतःचे सगळे स्वतः नेणाऱ्यालाही 75 लिटर नकोत. वाटेत लॉज आहेत, तंबू-भांडी लागत नाहीत. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या थामेल भागात भाड्याने मिळतात. 45-50 लिटर पुष्कळ झाले. मोठी सॅक रिकामी राहत नाही, हे लग्नाला बॅगा भरणाऱ्या बायकांना सांगायला नको. शिवाय लुक्लाच्या छोट्या विमानात हातातल्या बॅगेसह साधारण 15 किलोच चालतात.

लिटरपेक्षा पाठीचे माप महत्त्वाचे. मान खाली घातली की मागे जे हाड वर येते, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजावे. उंची सारखी असली तरी हे माप वेगळे निघते. भाची माझ्याएवढीच उंच, पाठ मात्र आखूड. दुकानात सॅकमध्ये 8-10 किलो भरायला लावून पंधरा-वीस मिनिटे चालावे. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. बहुतेक भार त्यानेच घ्यायचा, खांद्यांनी फक्त सॅक अंगालगत धरायची. आणि ट्रेकला घालणार तेच कपडे घालून जा. लांब कुर्ता पट्ट्याखाली गोळा होतो आणि टोचतो, ओढणीचे टोक बकलात अडकते. हे दुकानात कुणी सांगत नाही.

भाचीने सगळे पलंगावर ओतले. दोन जीन्स गेल्या, भिजल्या की वाळत नाहीत. मखमली जानमाजच्या जागी सुती आली. आपाने दिलेले लाडू राहिले, त्यांचा स्टीलचा डबा घरी राहिला. (आपा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.) 75 लिटरची सॅक परत गेली, बदल्यात 30 लिटरची आली: पाणी, रेनकोट, औषधे आणि एक स्वेटर हिच्या पाठीवर. बाकी जुन्या डफलमध्ये, आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून.

रविवारी पुन्हा काटा काढला. हिच्या पाठीवर 5 किलो, पोर्टरकडे 7. लगेच तिने मैत्रिणीला फोन लावला आणि तिची बॅग किती किलोची ते विचारले.

"अगं, अजून मोजलीच नाही," तिकडून उत्तर आले.

"मग आज मोज," भाची म्हणाली आणि फोन न ठेवता तशीच उभी राहिली.