म्हातारपण हा अपघात नव्हे

कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला की विम्याच्या नूतनीकरणाचा कागद घरात वादाला तोंड फोडतो. हप्ता वाढलेला असतो, बिलातला आपला वाटा, म्हणजे को-पे, वाढलेला असतो आणि अपवादांची यादीही लांबलेली असते. पुण्यात हा प्रश्न तसा नवा आहे. येरवड्यात मुख्य कार्यालय असलेल्या, तेव्हाच्या बजाज अलियान्झ जनरल इन्शुरन्सने २०२० मध्ये पाळीव कुत्र्यांसाठी विमा आणला. त्याच सुमारास, कोविडच्या टाळेबंदीत कोथरूड, बाणेर, खराडीच्या सदनिकांत पिल्लं आली. ती आता हळूहळू उतारवयाकडे झुकत आहेत. त्यामुळे येत्या काही वर्षांत हा कागद पुण्यातल्या अनेक घरांत येणार आहे. त्याचं काय करायचं, यावर तीन मतं ऐकू येतात. ती तिन्ही अपुरी आहेत असं मला वाटतं.

पहिलं मत असं की कुत्र्याचा विमा म्हणजे श्रीमंतांचे चोचले. पण जनावरांचा विमा आपल्याला नवा नाही. गाई-म्हशींच्या विम्याचा बराचसा भार सरकार उचलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. गाय दूध देते, कुत्रा काय देतो, असं यावर विचारलं जाईल. पण कुत्र्याच्या हप्त्याला अनुदान द्या असं कोणीच म्हणत नाही. मागणी आहे ती न्याय्य कराराची. शिवाय हा खर्च श्रीमंतांपुरता राहिलेला नाही. निवृत्तिवेतनावर जगणारं जोडपं आणि रस्त्यावरचं जखमी पिल्लू उचलून घरी आणणारी विद्यार्थिनी यांच्यासमोरही शस्त्रक्रियेचं बिल तेवढंच येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाळलेलं जनावर उपाशीतापाशी सोडून देणं गुन्हा मानतो, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. बिल पेलेनासं झालं म्हणून म्हातारा कुत्रा टेकडीच्या पायथ्याशी सोडणाऱ्याला एवढ्या दंडाने कोण रोखणार? खर्च पेलण्याची सोय असणं हीच त्या मुक्या जिवाची खरी राखण आहे. तिला चोचले म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरं मत विमा क्षेत्रातल्या जाणकारांचं आहे. वय वाढलं की आजार वाढतात, म्हणून हप्ता वाढणारच, गणितच तसं आहे, असं ते सांगतात. यातला पहिला भाग मला मान्य आहे. मूत्रपिंडाचे विकार, सांधेदुखी, लहान जातींत हृदयाच्या झडपेचा आजार, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणं, स्तनाच्या गाठी हे सगळं मुख्यतः उतारवयात उभं राहतं. हप्ता चढणं समजू शकतं. पण आपल्याकडे हप्ता चढून थांबत नाही. एका वयानंतर दारच बंद होतं. भारतातल्या बहुतेक योजनांत आठ ते दहा वर्षांच्या आसपास विमा संपतो आणि ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींसाठी त्याहूनही लवकर. त्यातच दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याचं वय डॉक्टर दात पाहून अंदाजाने लिहितात. त्या अंदाजावर त्याचा विमा तगणार की संपणार हे ठरतं.

याचं समर्थन गणिताने होत नाही. प्रत्येक करार एका वर्षाचा असतो, म्हणून मागच्या हप्त्यांवर ग्राहकाचा हक्क नाही, असं कंपनी म्हणेल आणि कायद्याच्या भाषेत ते खरंही आहे. पण माणसांच्या आरोग्यविम्यातही करार वर्षाचेच होते. तरी २०११ मध्ये एका कंपनीतून दुसरीत जाण्याची मुभा आली, २०१३ च्या नियमांनी आजन्म नूतनीकरण बंधनकारक झालं, १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका असं बजावलं. यातलं काहीही कुत्र्याच्या विम्याला लागू नाही. स्वीडनमध्ये बहुतांश कुत्र्यांचा विमा असतो. तिथे तो पिल्लूपणीच उतरवला जातो, त्यामुळे तरुण आणि म्हाताऱ्यांचा भार एकत्र वाटला जातो. उलट अमेरिकेत नेशनवाइड या मोठ्या कंपनीने २०२४ मध्ये सुमारे १ लाख पाळीव प्राण्यांच्या पॉलिसींचं नूतनीकरण थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे दोन्ही वाटा जगात आहेत आणि कोणती धरायची हे नियम ठरवतात.

तिसरं मत सर्वांत शहाणपणाचं वाटतं, म्हणून त्याचं खंडन जपून करायला हवं. विमाच सोडा, तेवढे पैसे दरमहा बँकेत टाका, असं हे मत. महिना १००० रुपये टाकले तर आठ वर्षांत ९६,००० रुपये जमतात, व्याज वेगळं. हिशेब बरोबर आहे. पण दुसऱ्याच वर्षी कुत्रा दुचाकीखाली आला आणि मांडीचं हाड मोडलं, तर खात्यात जेमतेम २४,००० असतात. शिवाय हा सल्ला बहुतेकांना कुत्रा नऊ वर्षांचा झाल्यावर मिळतो, तेव्हा पैसे साठायला वर्षंच उरलेली नसतात. बचतीला वेळ लागतो आणि अपघात वेळ देत नाही.

तीनही मतांत एकच गफलत आहे. अचानक कोसळणारा खर्च आणि ठरलेला खर्च यांची त्यांनी सरमिसळ केली आहे. कुत्र्याचं म्हातारपण हा अपघात नव्हे. पिल्लू घरी आणलं त्या दिवशीच ते ठरलेलं असतं. जे कधी येईल सांगता येत नाही त्यासाठी विमा आणि जे येणारच आहे त्यासाठी तरतूद, अशी विभागणी केली की वाढत्या हप्त्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

विमा पिल्लूपणीच उतरवावा आणि त्यात खंड पडू देऊ नये. खंड पडला किंवा कंपनी बदलली की झालेला प्रत्येक आजार 'आधीपासूनचा' ठरून बाहेर जातो. त्याच दिवशी बचतखातंही उघडावं, मग रक्कम पाचशेच का असेना. कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की पॉलिसी कलमवार वाचावी. मृत्यूची किंवा हरवल्याची भरपाई मिळणारी कलमं वगळता येत असतील तर वगळावीत. म्हाताऱ्या कुत्र्याच्या जाण्याने झालेलं नुकसान पैशाने भरत नाही, आणि त्या कलमांवरचा वाचलेला हप्ता उपचाराकडे वळवता येतो. शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात भरती होण्याचं कलम मात्र शेवटपर्यंत धरून ठेवावं. बिलातला स्वतःचा वाटा वाढवून हप्ता कमी करून मिळत असेल तर ते करावं, कारण लहान बिलांसाठी आता बचत असते.

तरतूद फक्त पैशाची नसते. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. पुण्यातले गुबगुबीत लॅब पाहिले की हा आकडा प्रत्येक घरात सांगावासा वाटतो. चपाती-बिस्किटांचा लाड कमी करणं ही हप्त्याविना केलेली बचत आहे. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाची जवळजवळ तीन-चतुर्थांश क्षमता गेलेली असते, म्हणून सातव्या वर्षानंतर सहा महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी हवी. पावसाळ्यात गोचिडांचं औषध, दातांची सफाई, मादीची वेळेवर नसबंदी यांचा खर्च पुढच्या बिलांच्या मानाने किरकोळ असतो.

पण घराने सगळं केलं तरी बाहेरची बाजू उरते. विमा नियामकाने पाळीव प्राण्यांच्या विम्यालाही आजन्म नूतनीकरण, कंपनी बदलण्याची मुभा आणि हप्तावाढीवर मर्यादा लावावी. कंपन्या आकडेवारी नाही म्हणून घाबरून हप्ता ठरवतात. ती आकडेवारी पुणे महापालिका देऊ शकते. पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो आणि त्याची वार्षिक फी अगदी किरकोळ आहे, तरी अनेक जण तो काढत नाहीत. परवान्याबरोबर चिप बसवून जात, वय आणि लसीकरणाची नोंद ठेवली, तर वयाचा अंदाज करावा लागणार नाही आणि जोखीमही मोजता येईल. परवाना न काढता स्वस्त विम्याची अपेक्षा करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यायला हवं.

आणि शहराला एक चांगलं सार्वजनिक प्राणी-रुग्णालय हवं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं महालक्ष्मीचं रुग्णालयही सुरू झालं. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय औंधमध्ये आहे, पशुवैद्यक महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर शिरवळला आहे. मनुष्यबळ आणि जाण दोन्ही हाताशी असताना पुण्याच्या घरगुती प्राण्यांना रास्त दरातली मोठी शस्त्रक्रिया मिळू नये, याला कारण इच्छाशक्तीचा अभाव एवढंच आहे. अशा रुग्णालयाने उपचाराचे दर ताळ्यावर राहतील आणि हप्तेही.

तेव्हा नूतनीकरणाचा कागद आला की पॉलिसी चालू ठेवायची की बंद करायची एवढंच विचारून थांबू नका. यातलं काय विम्याने पेलायचं, काय आपण पेलायचं आणि काय शहराने, हे ठरवा. आपला वाटा आजपासून उचला आणि बाकीचा मागायला नगरसेवकाकडे, नियामकाकडे, कंपनीकडे लेखी जा. दहा वर्षं दार राखलेल्या कुत्र्यासाठी ते करण्याची जबाबदारी आपलीच आहे.